घरून आणलेली भीती

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' जुलै २०१७ मध्ये महाराष्ट्रात लागला. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्याचाच हिंदी अवतार 'छोरी' या नावानं अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला. दिग्दर्शक तोच आणि गोष्टही तीच. कर्जात बुडालेला नवरा, आठ महिन्यांची गरोदर बायको, वसुलीची माणसं मागावर. मग ड्रायव्हरच्या गावी आसरा, उसाच्या मधोमध एकटंच उभं घर, घरात ड्रायव्हरची मायेनं बोलणारी आणि डोळ्यांनी धाकात ठेवणारी बायको, आणि उसातून खेळायला बोलावणारी मुलं, जी कधीचीच मेलेली आहेत. मराठीत पूजा सावंत आणि उषा नाईक, हिंदीत नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ. हिंदीचं छायाचित्रण देखणं आहे, आवाजाचं काम नेटकं आहे, मीता वशिष्ठ यांच्याबद्दल तर तक्रारीला जागाच नाही. चित्रपट पुष्कळांना आवडला, त्याचं कौतुकही झालं. मला मात्र भीती वाटली नाही. भयपटाच्या बाबतीत ही एकच तक्रार पुरेशी असते.

असं झालं की दोन उत्तरं लगेच हाताशी येतात. पहिलं असं, की मूळ कृतीला हात लावला म्हणून बिघडली. इथे हात लावणारा मूळ कर्ताच आहे, आणि त्यानं लावलाही बेतानंच. दुसरं उत्तर, गोष्ट आधीच माहीत होती. पण 'लपाछपी' मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हाही काही प्रसंगांत अंग चोरून बसलो होतो. शेवट माहीत असून.

इंदूरमधल्या खजरान्यातल्या आमच्या घरी 'छोरी' पाहताना शेजारी भाचा बसला होता. त्याचा जन्म इंदूरचा. घरात मराठी, गल्लीत हिंदी. त्यानं 'लपाछपी' पाहिलेला नव्हता, म्हणजे गोष्ट त्याला कोरी होती. नायिका उसात शिरली, पानं सळसळली, संगीत चढलं, आणि तो म्हणाला, "मामा, या उसात एवढं घाबरायचं काय आहे? सरळ चालत राहिली तर रस्ता लागेलच की!"

मला हसू आलं. मग वाटलं, चित्रपटाची सगळी अडचण यानं एका वाक्यात सांगितली. माळव्यात शेत म्हणजे खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि हरभरा. पीक गुडघ्याला, फार तर कमरेला. बांधावर उभं राहिलं की पलीकडच्या गावचा कळस दिसतो. शेतात माणूस हरवतो, ही कल्पनाच इथल्या मुलाला नाही. माझं आजोळ सांगलीकडचं. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, डोक्याच्या वर दुप्पट जातो, पानाची कड हाताला कापते, आणि आत चार सऱ्या गेलं की दिशा संपते. वारा नसतानाही वाळलेलं पाचट कुठेतरी वाजत राहतं. ते उंदरानं वाजवलं, कोल्ह्यानं की माणसानं, हे बाहेरून कळत नाही. जुन्नरकडे तर बिबट्याची मादी उसातच विते आणि तोडणीच्या वेळी टोळीला फडात बछडी सापडतात. ज्यानं हे ऐकलंय त्याला पडद्यावर नुसता उभा ऊस दाखवला तरी निम्मं काम झालं.

मला म्हणायचं आहे ते एवढंच: भयपटातली भीती अर्धी पडद्यावर असते आणि अर्धी प्रेक्षक घरून घेऊन आलेला असतो. रिमेक करणाऱ्याच्या हाती फक्त पडद्यावरचा अर्धा भाग लागतो, कारण तोच लिहून, मोजून, पाहून घेता येतो. दुसरा अर्धा प्रेक्षकाच्या मनात असतो आणि खेळ संपला की त्याच्याबरोबर निघून जातो.

या म्हणण्याची कसोटी योगायोगानं एकानं लावून ठेवली आहे. गस व्हॅन सँट या अमेरिकी दिग्दर्शकानं १९९८ साली हिचकॉकचा 'सायको' पुन्हा केला, तोही जवळजवळ प्रत्येक चित्रचौकट जशीच्या तशी ठेवून. संवाद तेच, कॅमेऱ्याच्या जागा त्याच, बर्नार्ड हर्मनचं संगीतही तेच, नव्यानं वाजवलेलं. नायिकेनं चोरलेली रक्कम चाळीस हजार डॉलरची चार लाख केली, चित्र रंगीत केलं, नायिकेच्या बहिणीच्या कानाला वॉकमन लावला. मूळ कृतीशी यापेक्षा अधिक इमानानं कुणी वागू शकणार नाही. तरी त्या चित्रपटानं कुणाची झोप उडवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. न्हाणीघरातला खून, ज्याचं चित्रीकरण हिचकॉकनं आठवडाभर केलं आणि जो पडद्यावर मिनिटभरही टिकत नाही, तोसुद्धा इथे अभ्यासाची वस्तू होऊन जातो. आपण घाबरण्याऐवजी ताडून पाहत बसतो.

१९६० च्या प्रेक्षकानं घरून काय आणलं होतं? एक पक्की खात्री, की पोस्टरवर जिचं नाव आहे ती नायिका मध्यंतराआधी मरत नाही. जॅनेट ली ही त्या काळची नावाजलेली तारका. तिनं पैसे चोरले, ती पळाली, आता पुढे तिचं काय होणार या काळजीत प्रेक्षक तिच्या गाडीत शेजारी बसलेला होता. पाऊण तासानं ती मेली, आणि ज्या भरवशावर माणूस चित्रपट पाहतो तो भरवसाच मेला. हिचकॉकला हे नेमकं ठाऊक होतं. म्हणून त्यानं खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम चित्रपटगृहांवर लादला. त्या काळी अमेरिकेत लोक खेळाच्या मध्येच येऊन बसत आणि पुढच्या खेळात सुरुवात पाहून उठत. उशिरा येणारा माणूस ती खात्री आत आणू शकला नसता. थोडक्यात, प्रेक्षकाचा अर्धा वाटा सांडू नये याची व्यवस्था त्यानं दारावरच केली होती. १९९८ पर्यंत तो खून जगातला सर्वांत प्रसिद्ध खून झाला होता. व्हॅन सँटनं पडद्यावरचा अर्धा भाग हुबेहूब उतरवला. घरून काही घेऊन येणारा माणूस मात्र राहिला नव्हता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मग मूळ 'सायको' आजही अंगावर कसा येतो? आजच्या प्रेक्षकालाही खून माहीत असतोच. मला वाटतं, जुना चित्रपट पाहताना आपण थोडे त्या काळचे होतो. काळंपांढरं चित्र, त्या गाड्या, तो आब, या सगळ्यांमुळे आपण आपली माहिती तासभर बाजूला ठेवायला तयार होतो. आजोबांची गोष्ट ऐकताना आपण वीज असल्याचं विसरतो, तसंच. नवा चित्रपट ही सवलत मागू शकत नाही. तो आजचा म्हणून समोर उभा राहतो आणि आजच्या माणसाला साठ सालचं दचकणं दचकायला सांगतो.

आता पुन्हा उसाकडे. 'लपाछपी'चा विषय स्त्री भ्रूणहत्येचा. तो विषय आणि ऊस हे दोन्ही महाराष्ट्रात एकत्र येतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या कारखान्यांच्या पट्ट्यात ऊस तोडायला माणसं येतात ती मोठ्या प्रमाणात बीडहून. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' धरायचा आणि दिवाळीपासून पुढचे पाच-सहा महिने फडाशेजारी पालात राहायचं. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. पुढच्याच वर्षी परळीतल्या डॉक्टरकडच्या बेकायदा गर्भपातांचं प्रकरण उघडकीला आलं आणि महिनोन्‌महिने मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर राहिलं. जो माणूस २०१७ मध्ये 'लपाछपी' पाहायला बसला, त्याच्या डोक्यात ऊस, कर्ज, गरोदर बाई आणि नाहीशा झालेल्या मुली हे एकाच कप्प्यात ठेवलेलं होतं. त्यानं ते जाणीवपूर्वक जोडलं असेल असं मी म्हणत नाही. जोडलं नसेल म्हणूनच तर भीती वाटली. जोड लक्षात आली की तिचा लेख होतो. (दोन वर्षांनी बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात आला. आज तो चित्रपट पहिल्यांदा पाहणारा याहूनही जास्त काही घेऊन बसेल.)

'छोरी'चं चित्रीकरण झालं मध्य प्रदेशात. नर्मदेच्या खोऱ्यात, नरसिंहपूर-होशंगाबादकडे, ऊस चांगला होतो, त्यामुळे उसाची चणचण नव्हती. पण हिंदी प्रेक्षकाच्या मनात ऊस म्हणजे रस, गूळ, गाण्यातला नायक आणि नायिका. पडद्यावरचं गावही कुठलं ते कळत नाही. घरातली माणसं जी बोली बोलतात ती थोडी हरियाणाची, थोडी राजस्थानची, थोडी दूरदर्शनवरच्या जुन्या मालिकांतली वाटते. सगळ्या हिंदी मुलखाला कळावी म्हणून केलेली ती सोय असणार. नकाशावर नसलेल्या गावाबद्दल प्रेक्षकाकडे आधीपासून काहीच नसतं. कुणाची आत्या तिथे दिलेली नसते, कुणी तिथल्या बातम्या वाचलेल्या नसतात.

आणि घरून काही आलेलं नसलं की ती रिकामी जागा भरावी लागते. ती भरतात बोलून. निराश करणाऱ्या बहुतेक भयपटांच्या रिमेकमध्ये हाच आजार दिसतो: मूळ कृतीनं जे मोघम ठेवलं ते नव्यात फोड करून सांगितलेलं असतं. सर्वांत ठळक उदाहरण 'द हाँटिंग'चं. शर्ली जॅक्सनच्या कादंबरीवरून रॉबर्ट वाइजनं १९६३ साली केलेल्या चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही. रात्री कुणीतरी भिंती बडवत येतं, दाराचं लाकूड छातीसारखं फुगतं आणि ओसरतं, अंधारात नायिकेला वाटतं की मैत्रिणीनं आपला हात घट्ट धरलाय आणि दिवा लागल्यावर मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते. दारामागे कोण होतं, हात कुणाचा होता, याचं उत्तर मिळत नाही. १९९९ साली आठ कोटी डॉलर खर्चून यान द बाँटनं तो पुन्हा केला. आता पुतळे डोळे फिरवतात, कोरीव मुलांचे चेहरे किंचाळतात, घराच्या मालकानं गिरणीत राबणारी मुलं मारल्याचं कळतं, नायिका त्याच्याच दुसऱ्या बायकोची वंशज निघते. सगळे हिशेब जुळतात. भीती तेवढी ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

व्हॅन सँटसुद्धा या मोहातून सुटला नाही. 'सायको'तला खुनी नॉर्मन भिंतीच्या भोकातून नायिकेला पाहतो त्या प्रसंगी हिचकॉकनं फक्त एक डोळा दाखवला आणि पुढचं आपल्यावर सोडलं. व्हॅन सँटनं तिथे आवाज घातला, म्हणजे नॉर्मन काय करतो आहे याबद्दल कुणाला शंका राहू नये. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की मूळ 'सायको'च्या शेवटी एक मनोविकारतज्ज्ञ उठून पाच मिनिटं व्याख्यान देतो, आणि 'लपाछपी'ही शेवटाकडे बोलायला लागतोच. फरक एवढाच की तिथे भीती आपलं काम उरकून गेल्यावर व्याख्यान सुरू होतं. 'छोरी'त ते भीतीच्या जागेवरच येऊन बसतं.

मग रिमेक साधतच नाही का? साधतो, आणि आपल्याकडेच साधलेला आहे. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'मधल्या खुनी बाहुल्यावरून महेश कोठारे यांनी १९९३ साली 'झपाटलेला' केला. अमेरिकी बाहुला दुकानात मिळणारा, टीव्हीवर जाहिरात होणारा. तिथल्या मुलांच्या घरोघरी तसे बाहुले होते, ती त्यांची घरची पुंजी. आपल्याकडे तेव्हा असे बाहुले कुणाच्या घरात होते? पण मराठी प्रेक्षकाकडे दुसरी पुंजी होती: पाध्ये घराण्याच्या बोलक्या बाहुल्या. अर्धवटरावाच्या चावट बोलण्यावर महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या हसलेल्या. बाहुलं बोलतं आणि आपण हसतो, ही सवय मुरलेली. कोठारे यांनी रामदास पाध्ये यांच्याकडूनच बाहुला करून घेतला, लक्ष्मीकांत बेर्डे यांना शब्दभ्रमकार केलं, आणि त्या सवयीतच खुनी आत्मा घातला. तात्या विंचू नावाच्या या बाहुल्याला पाहून मराठी पोरं घाबरली ती त्याआधी अर्धवटरावाला हसली होती म्हणून. वीस वर्षांनी 'झपाटलेला २' थ्रीडीत आला तेव्हा लोक तात्या विंचूवर माया घेऊन गेले होते. लाडक्या भुताला कोण घाबरणार!

त्याहून जुनं उदाहरण १९६२ च्या 'बीस साल बाद'चं. हेमंतकुमार यांची निर्मिती आणि संगीत, बिरेन नाग यांचं दिग्दर्शन, मूळ मात्र कॉनन डॉइलच्या बास्करव्हिल घराण्याच्या शिकारी कुत्र्याचं. इंग्रज वाचकाला ओसाड माळरान आणि घराण्याच्या मागे लागलेला राक्षसी कुत्रा भिववतो. आपल्याकडे गल्लीगल्लीत कुत्री. त्यांना माणूस दगड उचलायचं नाटक करून पळवतो. पण डॉइलच्या दंतकथेत एक कोपऱ्यातली मुलगी आहे, जिला त्या घराण्याच्या पूर्वजानं पळवून आणलं होतं. या मंडळींनी कुत्रा सोडून दिला आणि ती मुलगी उचलली. अन्याय झालेली बाई मेल्यावर घराण्याचा पिच्छा सोडत नाही, हे आपल्याकडे लहानपणीच ऐकलेलं असतं. रात्री दलदलीवरून बाईच्या गाण्याचा आवाज येतो आणि जमीनदाराचा वारस त्यामागे चालू लागतो. तो आवाज लता मंगेशकरांचा. इंदुरात जन्मलेल्या या बाईंनी १९४९ च्या 'महल'पासून हिंदीतल्या भुतांना गळा दिला. 'महल'मधलं ते प्रसिद्ध गाणं ध्वनिमुद्रित करताना आवाज दुरून येतोय असं वाटावं म्हणून त्या मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहून गात गात जवळ आल्या होत्या. फाळणीला दोन वर्षं झाली होती. माणसं निघून गेलेल्या हवेल्या प्रेक्षकांनी खऱ्याच पाहिलेल्या होत्या. अशा प्रेक्षकाला रिकाम्या घरातून येणारा आवाज पुरे होता.

आमच्या खजरान्यात रिमेकच्या या अडचणीची उलटी बाजू रोज दिसते. इथलं गणेश मंदिर १७३५ सालचं आणि अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं, असं सांगतात. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, म्हणजे तेव्हा त्या दहा वर्षांच्या. सालात तरी किंवा श्रेयात तरी काही ढिलं आहे. मूर्ती औरंगजेबाच्या काळात विहिरीत लपवून ठेवली होती, अशीही कथा आहे. गाभाऱ्याला आता चांदी मढवली आहे आणि बुधवारची रांग सांभाळायला कठडे आहेत. मूळ बांधणीतलं किती उरलं असेल कुणास ठाऊक. कुणाची तक्रार नाही. नवस बोलणारा येतो, मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढतो, इच्छा पूर्ण झाली की येऊन सरळ काढतो. देवळाचा जीर्णोद्धार शंभरदा झाला तरी चालतो, कारण अर्धा भाग भाविक दरवेळी घरून आणतोच. वाडवडिलांकडून त्याला तो आयता मिळालेला असतो. भयपटाला अशी परंपरेची हमी नाही. गाव बदललं, दशक बदललं, की दुसऱ्या अर्ध्याचा शोध पहिल्यापासून घ्यावा लागतो.

'छोरी'नं तो घेतला नाही, हा माझा आक्षेप आहे. आणि तो घेण्यासारखी जागा याच राज्यात होती. मुलींची टंचाई मध्य प्रदेशात सर्वांत दाट आहे ती उत्तरेला, चंबळच्या काठी. २०११ च्या जनगणनेत मुरैना आणि भिंड हे दोन्ही जिल्हे हजारी ८५० च्या आत होते. तिथे ऊस नाही. तिथे बीहड आहे: नदीनं आणि पावसानं कोरलेल्या मातीच्या घळींचं मैलोन्‌मैल जाळं, ज्यात शिरलेला परका माणूस दहा पावलांत दिशा हरवतो. बीहड म्हटलं की हिंदी प्रेक्षकाच्या मनात काय काय येतं हे सांगायला नको. बंदूक, बदला, उचलून नेलेली बाई. घळीच्या वळणापलीकडून लहान मुलीनं हाक मारली असती तर माझ्या भाच्यानं सरळ चालत जाण्याचा सल्ला दिला नसता. उसाचं घर जसंच्या तसं उचलून आणण्याऐवजी फुरिया तिथे गेले असते, तर कदाचित 'लपाछपी'पेक्षाही भेदक चित्रपट हाती लागला असता. त्यांच्याकडे नजर आहे, हे पहिल्या चित्रपटानं दाखवलेलंच आहे.

एप्रिल २०२५ मध्ये 'छोरी २' आला. त्यात सोहा अली खान आहेत आणि गोष्ट जमिनीखालच्या भुयारांत उतरते. ती भुयारं कुठल्या मुलखातली, हे याही वेळी कळत नाही. ज्यांनी यांपैकी काहीच पाहिलेलं नाही त्यांनी आधी 'लपाछपी' पाहावा, आणि जमल्यास गळीत हंगाम सुरू होण्याआधी, ऊस रानात उभा असताना, एखाद्या उसाच्या गावी मुक्कामाला जाऊन.